वीस ब्लॉक आणि एक आखूड इंच: नाशिकमधल्या एका सामूहिक गोधडीचं प्रकरण

जानेवारीतल्या एका रविवारी गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर पांढरी चादर अंथरून आम्ही वीस ब्लॉक, म्हणजे गोधडीचे शिवलेले चौकोन, मांडले. आडवे चार, उभे पाच. जरा मागे सरून पाहिलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही, इतकं ते सुंदर दिसत होतं. मग पहिली ओळ जोडायला म्हणून दोन ब्लॉक उचलले, काठाला काठ लावून टाचण्या टोचायला घेतल्या आणि काठ जुळेनात. एका ब्लॉकची कड दुसऱ्यापेक्षा चांगली बोटभर आखूड होती.

टाचणी चुकली असेल म्हणून पुन्हा लावली. मग तिसरा ब्लॉक घेतला. तो तर पहिल्या दोघांपेक्षाही मोठा. तीन महिने दहाजणींनी घरोघरी बसून केलेलं काम समोर होतं आणि ते एकमेकांना जोडताच येत नव्हतं. हे का झालं आणि त्यातून वाट कशी काढली, ते सगळं इथे मांडते आहे. गटाने शिवायला बसणाऱ्या प्रत्येकीवर ही वेळ येऊ शकते, आणि आमची गोधडी वाचली ती नेमक्या कोणत्या गोष्टींमुळे, हे आता मला नीट सांगता येतं.

काय ठरलं होतं

आम्ही दहाजणी. सगळ्यात लहान तिशीतली, आयटीत नोकरी करणारी. सगळ्यात मोठ्या पंचवटीतल्या मावशी; सत्तरी ओलांडली आहे आणि नात्यातल्या प्रत्येक बाळंतपणात त्यांच्या हातचं दुपटं गेलेलं आहे. मधे आम्ही बाकीच्या: कुणी ब्लाउज शिवणाऱ्या, कुणी फक्त परकराला नाडी घालण्यापुरत्या मशीनवर बसणाऱ्या, एक शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. दसऱ्यानंतरच्या रविवारी सुरुवात केली आणि थंडी संपायच्या आत गोधडी पुरी करायची असं ठरवलं. निफाडचा पारा खाली उतरला की इथेही गोधडीची आठवण होतेच.

आमची गोधडी सॅम्पलर, म्हणजे प्रत्येक ब्लॉक वेगळ्या नमुन्याचा. शिकायला हा प्रकार फार चांगला, कारण एका नमुन्यात त्रिकोण जोडायला शिकता, दुसऱ्यात कोपऱ्याला कोपरा भिडवायला, तिसऱ्यात रंगांची गडद-फिकी मांडणी. प्रत्येकीने दोन ब्लॉक करायचे. पहिला नेहमीच्या पद्धतीचा, म्हणजे तुकडे मापाने कापून जोडायचे. दुसरा कागदावर शिवायचा, म्हणजे पेपर पीसिंगचा. तयार ब्लॉक १२ इंचाचा, चारी बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, धरून कच्चा साडेबारा. मधे आणि कडेने दोन इंची पट्ट्या. हिशेब केला तर गोधडी ५८ बाय ७२ इंच होत होती. एका माणसाच्या दिवाणाला पुरेशी.

कापड थोडं मेन रोडवरून आणलं, पण बरंचसं घरातलंच होतं. सासऱ्यांचे सदरे, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती साड्या, एकीकडे येवल्याच्या पैठणीच्या ब्लाउजपीसचे उरलेले तुकडे. अस्तराला मालेगावच्या मागावरचं कोरं कापड. ते आधी रात्रभर भिजवून वाळवलं, कारण कोरं कापड पहिल्या पाण्यात आटतं.

कागदावरचं शिवणकाम

पेपर पीसिंग या नावाखाली दोन वेगळे प्रकार येतात आणि आमच्यातही त्यावरून पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. एकीने पूर्वी कागदाच्या षटकोनांवर कापड दुमडून, कच्चा टाका घालून, मग ते षटकोन हाताने कडेकडेने शिवले होते. तो इंग्लिश पेपर पीसिंगचा प्रकार. तो खूप जुना आहे. कागदावर शिवलेली १७१८ सालची एक रेशमी चादर इंग्लंडमध्ये जपून ठेवलेली आहे. आम्ही शिकत होतो तो दुसरा, फाउंडेशन पेपर पीसिंग. यात पूर्ण नमुना कागदावर छापलेला असतो, त्यातल्या प्रत्येक घराला क्रमांक असतो आणि मशीनची शिवण सरळ त्या छापलेल्या रेघेवरून, कागदासकट, मारायची असते.

पहिल्यांदा करताना डोकं उलटं चालवावं लागतं. कापड छापाच्या बाजूला येत नाही, मागच्या कोऱ्या बाजूला येतं. पहिला तुकडा मागे ठेवायचा, सुलट बाजू आपल्याकडे, आणि कागद खिडकीच्या काचेला लावून बघायचं की त्याने एक नंबरचं घर चहूबाजूंनी पाव इंच जास्त झाकलंय ना. दुसरा तुकडा त्यावर पालथा घालायचा. मग कागद उलटून छापाच्या बाजूने, एक आणि दोनच्या मधल्या रेघेवर शिवण. शिवून झालं की कागद त्या रेघेवर दुमडायचा, जास्तीचं कापड पाव इंचावर कापायचं, दुसरा तुकडा उलटवून नखाने दाबायचा, इस्त्री फिरवायची. मग तीन. मग चार. तयार नमुना छापाच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखा येतो. एकीने संक्रांतीचा म्हणून पतंगाचा ब्लॉक केला होता. त्याची शेपटी तिला डावीकडे झुकलेली हवी होती, ती उजवीकडे झुकून आली.

टाका बारीक लागतो. साधारण दीड मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला सोळा-सतरा टाके. दोन कारणं. कागद भोकाभोकांनी चाळणीसारखा झाला की पोस्टाच्या तिकिटांसारखा रेघेवर फाटतो, आणि फाडताना शिवण ओढली जाते तेव्हा बारीक टाकाच ती धरून ठेवतो. सुई जराशी जाड, ९० नंबरची. कागद ७० जीएसएमचा साधा झेरॉक्सचा. त्याहून जाड घेतला तर शेवटी काढताना बोटं दुखतात.

मला या पद्धतीत सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट जुन्या साडीची. धुऊन मऊ झालेलं सुती कापड कात्रीखाली घातलं की सरकतं. त्याचा टोकदार त्रिकोण कापणं जवळजवळ अशक्य. पैठणीचा तुकडा तर हातात घेईपर्यंत कडेने सुटायला लागतो. पण कागदावर त्याचा अचूक त्रिकोण कापावाच लागत नाही. ओबडधोबड मोठा तुकडा घ्यायचा, कागद त्याला धरून ठेवतो आणि टोक रेघेने ठरतं. मावशींच्या आईच्या लुगड्याचा एक तुकडा होता, हिरवा, इतका विरलेला की उजेडात धरला तर पलीकडचं दिसायचं. त्याची सोळा टोकांची चांदणी झाली आणि प्रत्येक टोक सुईसारखं आलं. मावशी कितीतरी वेळ त्या टोकांवरून अंगठा फिरवत बसल्या होत्या. त्यांच्या हातून आयुष्यात शेकड्याने ठिगळं जोडली गेली असतील, पण त्या कापडाचं असं टोक त्यांनीही पाहिलं नव्हतं.

मोजणी

त्या रविवारी वाद होणार असं मला वाटलं होतं. प्रत्येकीला आपला ब्लॉक बरोबर आणि शेजारणीचा चुकलेला वाटत होता, आणि त्यात कुणाची चूकही नव्हती. घरी मोजला तेव्हा बहुतेकींनी फक्त टोकं बघितली होती. गणिताच्या बाईंनी जोडाजोडी थांबवली. पर्समधून त्यांची स्टीलची पट्टी काढली आणि म्हणाल्या, “कुणी काही उसवू नका. आधी सगळे मोजू, एकाच पट्टीने.” मी वहीत नोंद घेत गेले. प्रत्येक ब्लॉक दोन्ही दिशांनी, कडेला आणि मध्यावर.

तासाभरात चित्र स्पष्ट झालं. वीसपैकी अकरा ब्लॉक साडेबारा इंच किंवा त्याच्या अगदी जवळ. बाकीचे नऊ चुकले होते, पण तीन निरनिराळ्या तऱ्हांनी. साध्या पद्धतीचे तीन सव्वाबारापेक्षाही कमी भरले. कागदी दोन मोठे होते आणि त्यांच्या कडा पापडासारख्या लहरी झाल्या होत्या. आणि कागदीच चार पावणेबारापेक्षा जेमतेम रेसभर जास्त, चारही बरोबर सारखे.

त्या साध्या तिघांचं कारण पायात सापडलं, म्हणजे मशीनच्या पायात. आपल्या नेहमीच्या मशीनचा दाबपाय सुईपासून कडेपर्यंत पाव इंचाहून रुंद असतो. कापडाची कड पायाच्या कडेला लावून शिवलं की माया जास्त धरली जाते. एका शिवणीत सोळांश इंच जास्त गेलं तरी ते दोन्ही तुकड्यांतून जातं. ओळीत चार तुकडे असतील तर मधे तीन शिवणी. तीन दुणे सहा, म्हणजे सहा सोळांश. एवढंच कमी भरलं होतं.

मोठ्या दोघांचं कारण त्या दोघींनी स्वतःच सांगितलं. ब्लॉक सुंदर झाला म्हणून त्यांनी लगेच कागद फाडून काढला, वाफेची इस्त्री केली, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला. कागदावर शिवताना तुकड्यांच्या कडा बऱ्याचदा तिरक्या विणीच्या येतात. कागद आहे तोवर त्या जागच्या हलत नाहीत. तो गेला की इस्त्रीच्या ओढीने सैल पडतात. म्हणून शेजारचा ब्लॉक किंवा पट्टी जोडून होईपर्यंत कागद काढायचा नसतो.

आणि ते चार. ते चार ब्लॉक अप्रतिम होते. एकही टोक बोथट नाही, एकही कोपरा सरकलेला नाही. म्हणून तर कुणाला शंका आली नव्हती. मग बाईंनी विचारलं, “यांचे कागद कुणाकडे आहेत?” एका ब्लॉकच्या मागे कागद अजून होता. त्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन छापलेला होता आणि त्यात बारीक अक्षरात एक इंच असं लिहिलेलं होतं. आम्ही सगळ्यांनी तो चौकोन तीन महिने पाहिला होता. मला स्वतःला तो कंपनीचा शिक्का वाटला होता. बाईंनी पट्टी लावली. तो २४ मिलिमीटरचा होता. इंच असतो २५.४ चा.

हे नमुने अमेरिकन आकाराच्या पानावर मांडलेले असतात. ते पान आपल्या ए-फोरपेक्षा थोडं रुंद आणि थोडं बुटकं. घरच्या प्रिंटरवर ‘पानावर बसवा’ असा पर्याय आपोआप लागलेला असतो, आणि प्रिंटर पान बसवण्यासाठी नमुना गुपचूप लहान करतो. साडेपाच टक्के, इतकंच. बारा इंची ब्लॉक एका पानावर मावत नाही म्हणून तो सहा-सहा इंचांच्या चार भागांत छापावा लागतो. चारही भाग सारखेच लहान झाले, एकमेकांना बिनचूक जुळले आणि तयार ब्लॉक बाराच्या जागी जेमतेम ११.३४ इंचांचा आला. बाकीचे कागद कॉलेज रोडच्या झेरॉक्सच्या दुकानातून खऱ्या मापात छापून आणले होते, म्हणून ते बरोबर.

त्या चार संचांची छपाई आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने केली होती. स्वतःचा एक, आणि ज्यांच्याकडे प्रिंटर नव्हता त्या तिघींचे तीन. रात्री ऑफिसचं काम संपवून, न सांगता, प्रेमाने. तिचे डोळे भरून आले. “मी चारही ब्लॉक परत करते, सगळ्यांचे,” असं ती म्हणाली. मावशी तिच्या शेजारीच बसल्या होत्या. “अगं, ठिगळ लावायला कधीपासून लाजायला लागलीस? गोधडी म्हणजे ठिगळंच की,” त्या म्हणाल्या, आणि तिथून चर्चा चुकीकडून दुरुस्तीकडे वळली.

मी पुष्कळ विचार केला की हे आमच्या आया-आज्यांना का नाही झालं. गोधडी एक बाई शिवते, फार तर सासू-सून मिळून. माप तिच्या हातात असतं. तुकडा आखूड पडला तर शेजारचा तिरका घेते, कोपरा दुमडते, पुढे निघते. तिला पट्टीची गरज नसते कारण चूक आणि दुरुस्ती एकाच हातात आहेत. आम्ही दहा घरांत दहा मशीनींवर बसलो आणि माप मात्र कुणाच्याच हातात नव्हतं. ते कागदात आहे असं आम्ही धरून चाललो. कागद टोकं इतकी चोख आणतो की तो लहान छापला गेला असेल हे मनातच येत नाही. साध्या पद्धतीत चूक झाली तर टोक कापलं जातं, कोपरा सरकतो, नजरेला खटकतं. कागदावर चूक झाली तर ब्लॉक निर्दोष दिसतो, फक्त लहान असतो.

दुरुस्ती

पर्याय तीन होते. सगळे सोळा ब्लॉक कापून त्या चारांच्या मापाला आणायचे, हा पहिला, आणि तो लगेच सोडला. कच्च्या ब्लॉकच्या कडेला फक्त पाव इंच माया असते. त्याच्या आत टोकं सुरू होतात. तिथे कात्री चालवली की सगळ्या चांदण्यांची टोकं छाटली जातात. दुसरा पर्याय चारही ब्लॉक नव्याने करायचे. त्या मावशींच्या आईचं लुगडं त्या चारांपैकीच एकात गेलं होतं आणि तसं कापड आता उरलं नव्हतं. तेव्हा तो पर्यायही मिटला.

तिसरा पर्याय चौकटीचा. त्या चार ब्लॉकना चारही बाजूंनी सव्वा इंचाची पट्टी लावायची, मग मध्य धरून सारखं साडेबारावर कापायचं. पट्टी मुद्दाम रुंद लावायची आणि नंतर कापायची. नेमक्या मापाची बारीक पट्टी लावायला गेलं तर एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी होतं. ब्लॉकची शिवण त्याच्या स्वतःच्या पाव इंच रेघेवर पडते, म्हणून एकही टोक हरवत नाही. तयार गोधडीत ही चौकट जेमतेम आठ मिलिमीटर दिसते.

पट्टीचा रंग कोणता यावर मात्र अर्धा दिवस गेला. एक मत होतं की गडद मरून घ्या, चार ब्लॉक मुद्दाम उठून दिसतील, आणि ते गोधडीच्या चार कोपऱ्यांत ठेवले तर मांडणीच तशी वाटेल. दुसरं मत, मधल्या पट्ट्यांचंच कापड घ्या म्हणजे चौकट त्यात मिसळून जाईल. शेवटी दुसरं केलं, आणि माझ्या मते ते बरोबर झालं. सॅम्पलरमध्ये आधीच वीस नमुने नजर ओढत असतात. त्यात चारांना वेगळं कुंपण घातलं असतं तर बाकीचे सोळा बाहेरचे वाटले असते.

लहरी झालेल्या दोघांना मावशींनी खळ दिली. साबुदाण्याची, पातळ, गाळून घेतलेली, सुती साडीला देतात तशी. ओलसर असताना ब्लॉक सपाट पसरला, कडा हाताने आत सरकवत साडेबाराच्या आखलेल्या चौकोनात टाचण्यांनी धरला आणि सावलीत वाळू दिला. बरंचसं तिथेच आत आलं. उरलेला झोल शिवताना घेतला. ब्लाउज शिवणाऱ्या काकूंनी तो धडा दिला: जे सैल ते खाली. मशीनचे दाते खालचं कापड थोडं जास्त ओढतात, म्हणून झोलवाला थर खाली घातला की तो चुणी न पडता आपोआप सामावला जातो. ब्लाउजच्या बाहीचा गोळा त्या असाच बसवतात.

साध्या तीन ब्लॉकच्या शिवणी उसवून पुन्हा घातल्या. त्याआधी दहाही मशीनींना खूण केली. आलेख कागदाचा तुकडा सुईखाली ठेवायचा, सुई रेघेवर टोचायची, तिथून पाव इंच उजवीकडे मोजून मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीची जाड घडी लावायची. कापडाची कड त्या घडीला घासत गेली पाहिजे, पायाला नाही.

धावदोरा

जोडणी पुढच्या दोन रविवारी झाली आणि ती बिनतक्रार झाली, म्हणून तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मधल्या थरासाठी बाजारातलं पॉलिस्टरचं वॅडिंग घ्यावं की नाही असा प्रश्न आला तेव्हा मावशींनी घरून दोन जुनी नऊवारी आणली. ती कापून, जोड लावून, ताणून पसरली. त्यामुळे गोधडी जड झाली, पण अंगावर बसते तशी वॅडिंगची बसली नसती.

टाके हातानेच. इथे कागदी ब्लॉकनी शेवटची परीक्षा घेतली. सोळा टोकं एका बिंदूला मिळतात तिथे खाली मायांचे इतके थर साचतात की सुई जातच नाही. आम्ही दोघी-तिघींनी पक्कड वापरून पाहिली. मावशींनी त्या बिंदूवर टाका घातलाच नाही. त्यांनी प्रत्येक शिवणीपासून पाव इंच अंतर सोडून, आत फक्त एक थर असतो तिथून, धावदोरा नेला आणि चांदणीला बाहेरून वळसा घातला. वरून पाहिलं तर चांदणी फुगून वर आल्यासारखी दिसते.

गोट लावून फेब्रुवारीच्या अखेरीस गोधडी पूर्ण झाली. आता ती पाळीपाळीने प्रत्येकीच्या घरी जाते. दुसऱ्या सॅम्पलरचे कागद गेल्या आठवड्यात वाटले. या वेळी छपाई एकाच दुकानात, एकाच दिवशी, आणि प्रत्येकीने एक इंची चौकोनावर पट्टी ठेवून काढलेला फोटो गटावर टाकला. पहिला फोटो त्या मुलीचाच होता.

गोधडी परवा माझ्याकडे आली तेव्हा पांघरताना लक्षात आलं की डावीकडच्या खालच्या ब्लॉकमध्ये कुठेतरी कागदाचा तुकडा राहिला आहे. हाताने दाबलं की कुरकुरतो. तो काढायचा तर अस्तर उसवावं लागेल. मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, राहू दे, पहिल्या धुण्यात लगदा होऊन जाईल.